आईची दुसरी निवृत्ती

आई शाळेतून दोनदा निवृत्त झाली. पहिल्यांदा रीतसर. शाल, श्रीफळ, समई, मुलींनी पेटीवर बसवलेलं स्वागतगीत (आमच्या शाळेत निरोपालाही स्वागतगीतच म्हणतात, कारण दुसरं कोणी बसवत नाही), आणि संस्थेच्या अध्यक्षांचं लांबलचक भाषण. त्यात त्यांनी आईचा विषय गणिताऐवजी भूगोल सांगितला. आई व्यासपीठावर बसून गालात हसत होती. घरी आल्यावर म्हणाली, "बरं झालं, गणित म्हणाले असते तर त्यांना स्वतःचे मार्क आठवले असते."

दुसऱ्यांदा ती निवृत्त झाली तेव्हा शाल नव्हती आणि भाषणही नव्हतं. तिचं तिलाही कळलं नाही. मला लिहायचं आहे ते या दुसऱ्या वेळेबद्दल, आणि त्या शाळेतल्या माणसांबद्दल, ज्यांचे आभार मानायला गेलं की ती विषय बदलतात.

आमचं घर रत्नागिरीत, शाळेच्या चढणीखाली. मागच्या पडवीत उभं राहिलं की शाळेची घंटा ऐकू येते, प्रार्थना ऐकू येते, आणि पीटीच्या सरांची शिट्टी तर नको असली तरी ऐकू येते. बाबा जहाजावर होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि घरी असले की पाहुण्यासारखे अवघडून खुर्चीत. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात उरलो आई आणि मी. मी इथल्याच एका कचेरीत कारकून आहे. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी जे उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मुळातच तापट. आईचा स्वभाव तसा नव्हता. तिचा नुसता दरारा होता, आवाज न चढवता.

तिचं विसरणं सुरू झालं ते माशांपासून. सकाळी बाजारातून बांगडे घेऊन यायची, साफ करून मीठ-हळद लावून ठेवायची, आणि दुपारी पुन्हा पिशवी घेऊन बांगड्यांना जायची. कोळीण तिला ओळखायची. तिचा मुलगा दहावीला गणितात सुटला तो आईमुळे. ती बिचारी दुसऱ्यांदाही ताजे निवडून द्यायची आणि संध्याकाळी मला रस्त्यात गाठून हळूच सांगायची. फ्रीज बांगड्यांनी भरला तेव्हा मी आधी हसले. मग एके दिवशी आईनं विचारलं, बाबांची बोट मुंबईला कधी लागणार आहे. त्या दिवशी मी हसले नाही. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं. ते नाव मी घरात घेत नाही.

मग एका सोमवारी कचेरीत मला फोन आला. फोन शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा होता. सर म्हणजे माझ्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. आता तो त्याच शाळेत पर्यवेक्षक आहे, डोक्यावरचे केस गेले आहेत आणि मुलं त्याला चळाचळा कापतात. आमच्या वर्गातल्या कोणाला सांगून हे पटत नाही.

"अगं, घाबरू नको," तो म्हणाला. "बाई शाळेत आल्यायत. स्टाफरूममध्ये चहा घेतायत."

मी रिक्षा करून गेले. आई स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या तिच्या जुन्या खुर्चीवर बसली होती. खळ केलेली सुती साडी, खांद्यावर नीट पिन, मांडीवर पर्स, आणि पर्समध्ये तिचा खडूचा पत्र्याचा डबा. ती खुर्ची आता ज्या बाईंची आहे त्या टेबलाला टेकून उभ्या राहून वह्या तपासत होत्या. आईनं मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तू इथं काय करतेस? नोकरीच्या वेळेला?"

म्हणजे मी नोकरी करते हे तिला आठवत होतं. आपण करत नाही, तेवढं फक्त निसटलं होतं.

मी तिला हाताला धरून घरी आणली. वाटेत आणि घरी आल्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आई, तू रिटायर झालीस." शेवटी कपाट उघडून ती शाल तिच्यासमोर धरली. तिनं शालीचा काठ बोटांनी चाचपून बघितला. "छान आहे," ती म्हणाली. "कोणाची गो?"

दुसऱ्या दिवशी मी दाराला बाहेरून कुलूप लावून कचेरीत गेले. दुसरं काय करणार होते? रजा संपल्या होत्या, आणि बघायला ठेवलेल्या बाईला आईनं पहिल्याच दिवशी "तुझं नाव पटावर नाही" म्हणून घालवून दिलं होतं. कुलूप लावलं की आई खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायची, मला उशीर झालाय, माझा तास आहे. हे मला शेजारणीनं सांगितलं. ती असं सांगते की ऐकणाऱ्याचा जीव जावा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सर आला, आणि त्याच्याबरोबर शाळेतल्या शिपाई मावशी. मावशी खालच्या वाडीतल्या. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं, मुलींच्या पोटात दुखलं तर लिंबू-पाणी करणं, सगळं त्यांच्याकडे. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, उंबऱ्याशीच बसल्या.

"बाय, बाईंना कोंडू नको गो," त्या म्हणाल्या. "मी रोज जातंय या वाटेनं. आज माझा हात धरलानी खिडकीतून. सोडीनात. मी घंटा द्यायला उशिरा गेलंय."

"मग काय करू?" माझा आवाज चढलाच. "मोकळी सोडू? चढणीवर गाड्या काय कमी आहेत?"

"शाळेत येऊ दे त्यांना," सर म्हणाला.

मला गाड्यांची भीती होती हे खरं, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती आणि ती मी त्याला स्पष्टच सांगितली. आईचं हसं होईल. सगळा जन्म जिनं त्या शाळेत मान खाली घातली नाही, तिच्याकडे बघून नववीतली पोरं तोंडावर हात ठेवतील. तेवढं मला सहन होणार नाही. ती घरात गज धरून रडली तरी चालेल, पण त्या इमारतीत तिला कोणी हसता कामा नये.

सर म्हणाला, "फळ्यापाशी चुकलेल्याला हसायला बाईंनी आपल्याला कधी दिलं होतं? मी तर रोज चुकायचो. एकदा तरी वर्ग हसला?"

मला आठवलं. हसला नव्हता. हसणाऱ्याच्या हातात आई खडू द्यायची आणि म्हणायची, ये, तू पुढचं कर.

"मग," तो म्हणाला, "आम्हीही हसू देणार नाही."

मुख्याध्यापक नवीन होते, कोल्हापूरकडचे. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत बसले. "बघा ओ मॅडम," ते म्हणाले, "नियमात हे बसत न्हाई. निवृत्त माणसाला वर्गावर सोडता येत न्हाई. उद्या साहेब आले तपासणीला, तर मी काय सांगायचं?" मी उठले. मला वाटलंच होतं. तर ते म्हणाले, "बसा की. मी न्हाई म्हणालो का? वर्गावर आमचा एक शिक्षक कायम मागं बसंल. बाई पाहुण्या म्हणून येतील. पाहुण्याला कोण अडवतंय?" मग त्यांनी मावशींना बोलावून चहा सांगितला.

अशी आई पुन्हा शाळेत जायला लागली. सकाळी सर स्कूटर चढणीखाली लावून तिला चालत वर न्यायचा. ती त्याला वाटेत सूत्रं विचारायची आणि तो अजूनही चुकायचा. मधल्या सुट्टीनंतरचा एक तास तिचा. उरलेला वेळ ती स्टाफरूममध्ये तिच्या खुर्चीवर. खुर्चीच्या नव्या मालकीण बाईंनी आपलं सामान मुकाट्याने दुसऱ्या टेबलावर हलवलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पोळीभाजीचे डबे एकत्र उघडले की आईचा डबा मध्ये ठेवायचे आणि तिनं जेवून घेतलं का याकडे सगळ्यांचं लक्ष.

पण तास घ्यायचा म्हणजे काय? आईच्या डोक्यात तोवर एकच धडा शाबूत उरला होता. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश. बाकी सगळी बीजगणितं, व्याजं, वर्तुळं कुठे गेली कोण जाणे, पण हे प्रमेय तिच्या हातात होतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. ती पट्टी न घेता फळ्यावर रेषा ओढायची आणि रेषा सरळ यायची. पुस्तकात आता इंग्रजी अक्षरं आली आहेत. आईचा त्रिकोण अ-ब-कच राहिला. मग अ मधून पायाला समांतर रेषा, मग व्युत्क्रम कोन, आणि शेवटी वळून मुलांकडे बघत, "म्हणून?"

वर्ग म्हणायचा, "एकशे ऐंशी अंश!"

रोज हाच धडा. आणि रोज ती तो पहिल्यांदाच शिकवत असे.

एकाच वर्गाला रोज तेच कसं ऐकवणार? म्हणून सरानं तिचा तास फिरता ठेवला. आज आठवी अ, उद्या नववी ब, परवा आणखी कुठली तुकडी. एका वर्गाची पाळी पुन्हा यायला बरेच दिवस जायचे. तरी मुलं काही खुळी नव्हती. पहिल्या फेरीतच त्यांना कळलं. मला वाटलं होतं, आता खाणाखुणा सुरू होतील. झालं ते उलटंच. मुलांनी आपसात एक रीत पाडली. वरच्या वर्गातली मुलं जूनमध्ये नव्या आलेल्यांना सांगायची, बाईंना "झालंय" म्हणायचं नाही. वही उघडायची, त्रिकोण काढायचा. कोणा शिक्षकानं हे त्यांना शिकवलं नव्हतं. निदान सर तरी तसंच सांगतो. आईच्या एका प्रमेयापायी त्या शाळेतल्या पोरांच्या वह्यांत किती त्रिकोण झाले असतील, देव जाणे. भूमितीत मात्र सगळी पक्की झाली.

संध्याकाळी मी कचेरीतून सुटेपर्यंत शाळा कधीच सुटलेली असायची. मी रिक्षातून उतरले की आई दिसायची, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर, आणि तिच्या शेजारी मावशी. मावशींचं काम संपलेलं असे, घरी त्यांची वाट बघत असत, पण मी येईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. गेटातून आत येताना मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. आई विचारायची, "अजून कशी आली नाही?" आणि मावशी म्हणायच्या, "येल गो ती. तवर मी हाय ना."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी गेटापाशीच थांबले. लहानपणी माझी प्राथमिक शाळा लवकर सुटायची आणि मी दप्तर घेऊन वर यायची. आई स्टाफरूममध्ये पेपर तपासत असायची. मी याच पायऱ्यांवर बसून तिची वाट बघायची. तेव्हाचे शिपाई काका म्हातारे होते, विडी लपवून ओढायचे. मी रडकुंडीला आले की ते शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "येतील बाई. तवर मी हाय." या शाळेच्या पायरीवर बसणाऱ्याला हेच सांगायची पद्धत असावी. नोकरीच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसणार.

एक चूक मात्र झाली. क्रीडा महोत्सवाच्या गडबडीत वेळापत्रक विस्कटलं. निम्मी मुलं मैदानावर, निम्मे शिक्षक त्यांच्यामागे. त्या गोंधळात आई ज्या वर्गावर आदल्या दिवशी गेली होती, त्याच वर्गावर तिला दुसऱ्या दिवशीही पाठवलं गेलं. त्या दिवशी ती चष्मा घरी विसरली होती आणि तो द्यायला मी कचेरीतून तासभर सुटून वर आले होते. मी व्हरांड्यात होते, खिडकीतून सगळं दिसत होतं.

आईनं त्रिकोण काढला. अ, ब, क लिहिलं. आणि वर्गातून कोणीतरी, अगदी सहज, वाईट हेतू नसताना म्हणालं, "बाई, हे कालच झालं."

आईचा हात फळ्यावरच थांबला. वर्गही थिजला. बोलणाऱ्यालाही आपण काय बोललो ते कळलं असावं. आई वळली. तिनं मुलांकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, हातातल्या खडूकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती घाबरली होती. आपल्याला काल आठवत नाही, हे त्या क्षणी तिला समजलं होतं. आजाराच्या सगळ्या काळात तिला ते लख्ख समजलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी दाराकडे धावले. तिला तिथून उचलून न्यावं असं मला झालं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सर उभा राहिला. पर्यवेक्षक, टक्कल पडलेला, पोरं ज्याला कापतात तो. हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा.

"बाई, काल झालं खरं," तो म्हणाला, "पण मला समजलं नाही. परत सांगाल?"

आईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचे खांदे सैल पडले.

"तुला मेल्या कधी समजलंय?" ती म्हणाली. "लक्ष कुठं असतं तुझं? बस खाली. नीट बघ आता."

आता मात्र वर्ग हसला. सरालाच हसला. तोही हसला. आई फळ्याकडे वळली आणि तिनं अ मधून समांतर रेषा ओढली. मी व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी होते. चष्मा माझ्या हातातच राहिला. सराला नंतर मी काही बोलायला गेले तर तो म्हणाला, "खोटं काय बोललो? मला खरंच कधी समजलं नव्हतं." आणि ढोल-ताशाच्या सरावाचं कारण काढून निघून गेला.

पुढच्या पावसाळ्यात ते प्रमेयही तिच्या हातून निसटायला लागलं. आधी सिद्धता गेली. ती समांतर रेषेपर्यंत यायची आणि तिथे थांबायची. पुढे काय, ते तिला दिसायचं नाही. तेव्हा वर्गच पुढचं म्हणायला लागला. सगळ्यांना ते पाठ होतंच. मुलं एका सुरात व्युत्क्रम कोन सांगायची, आई मान डोलवायची, जणू तोंडी परीक्षा चालली आहे. मग रचनाही गेली. नुसता त्रिकोण उरला. काही दिवशी तोही मिटत नसे, एक बाजू उघडीच राहायची. मागे बसलेला शिक्षक तास संपल्यावर फळा पुसायचा आणि आईला म्हणायचा, छान झाला तास, बाई. मला हे सगळं सर सांगायचा, काही न लपवता. लपवलं असतं तर मी त्याला सोडला नसता हे त्याला माहीत होतं.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात ते झालं. त्या दिवशी पाचवीवर एक तरुण बाई शिकवत होत्या. नुकत्याच लागलेल्या, आईच्या शेवटच्या शेवटच्या विद्यार्थिनींपैकी एक. आई स्टाफरूममधून उठून त्यांच्या वर्गाच्या दारात आली. पर्स छातीशी धरलेली. दारातच थांबून तिनं विचारलं, "बाई, आत येऊ का?"

त्या तरुण बाईंना वाटलं, आईला काहीतरी सांगायचं आहे. त्या लगबगीनं पुढे आल्या. "या ना बाई, या! तुम्ही कशाला विचारता?"

आईचे डोळे भरून आले. ती दारातून हलेना. उशीर झाला म्हणून आपली थट्टा होते आहे असं तिला वाटलं असावं. "परत उशीर करणार नाही, बाई," ती म्हणाली.

त्या पोरीला, पोरगीच ती, पंचविशीची सुद्धा नसेल, काय समजायचं ते समजलं. तिनं मला हे सगळं नंतर सांगितलं. जिच्यासमोर अजूनही आपण उभ्या राहतो, तिला काय म्हणायचं? पण ती म्हणाली. "बरं. ये. तिथं खिडकीजवळ जागा आहे, तिथं बस."

आई गेली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसली. शेजारच्या मुलीनं पुस्तक मध्ये सरकवलं. आईनं हाताची घडी घातली आणि फळ्याकडे बघायला लागली.

ती तिची दुसरी निवृत्ती. आईतली शिकवणारी बाई त्या दिवशी गेली ती पुन्हा आली नाही. संध्याकाळी मी पायऱ्यांपाशी पोचले तेव्हा सगळा स्टाफ थांबलेला होता. मुख्याध्यापकसुद्धा. कोणी मेल्यावर थांबतात तसे. तरुण बाई रडत होत्या आणि माझी क्षमा मागत होत्या, आपण बाईंना एकेरी बोललो म्हणून. मी त्यांना जवळ घेतलं. मला आधी वाटायचं की आईचा मान म्हणजे तिची बाई म्हणून असलेली जागा, ती राखायची. या माणसांनी ती राखता येईल तेवढी राखली. आणि ती राखता येईना तेव्हा तिला दारात उभी न ठेवता दुसरी जागा दिली.

त्यानंतरही काही दिवस ती पाचवीत जाऊन बसायची. पण पाय लटपटायला लागले, चढण झेपेना. एकदा पायरीवरून घसरली, हात मुरगळला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच. मी कचेरीत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आमच्या घरात तेवढी मीच राहिले होते निवृत्त व्हायची.

आई घरात फिरत राहायची. प्रत्येक खोलीच्या दारात थांबायची, आत बघायची, आणि जागा नसल्यासारखी परत फिरायची. मी सराला सहज बोलून गेले, ती बाक शोधते बहुतेक. चार दिवसांनी दारात टेंपो. टेंपोत बाक. आईचा खिडकीजवळचा, तोच, बाजूला करकटकानं बदाम कोरलेला. बरोबर पीटीचे सर, मावशी, आणि मुख्याध्यापक स्वतः, घामाघूम.

"असा देता येत न्हाई ओ संस्थेचा बाक," ते मला म्हणाले, जणू मीच मागितला होता. "मोडका दाखवावा लागतो. समितीची सही लागते."

"मोडका आहे का?"

"कुठं मोडकाय? चांगला भक्कम हाय," ते म्हणाले. "पण एका पायाला खिळा जरा सैल होता. तेवढा मी अजून ठोकला न्हाई. आता ठोकतो." आणि त्यांनी खरंच खिशातून हातोडी काढली. मी चहाला या म्हटलं तर म्हणाले, नंतर कधीतरी, आणि सगळे निघूनही गेले.

बाक स्वयंपाकघरात ओट्यासमोर ठेवला. दुसरीकडे तो मावत नव्हता.

काल सकाळी मी भात चढवत होते. वर शाळेत प्रार्थना संपली, मावशींनी घंटा दिली. मी वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात. पर्स छातीशी.

"बाई, आत येऊ का?"

मी अजूनपर्यंत हे कधी केलं नव्हतं. मी तिला नेहमी सांगत आले होते, आई, मी आहे, तुझी मुलगी, हे आपलं घर आहे. तिला नाही पटलं तरी सांगत होते. कालही तोंडात तेच आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी गॅस बारीक केला आणि हात पुसले.

"ये," मी म्हणाले. "बस तिथं."

ती आली, बाकावर बसली, हाताची घडी घातली. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. थोडा वेळ ती भांड्यांच्या मांडणीकडे बघत राहिली, फळ्याकडे बघावं तशी. मग हळूच म्हणाली, "बाई, शाळा सुटल्यावर माझी आई येईल ना न्यायला?"

त्या पायऱ्यांवर मी लहानपणापासून जे ऐकत आले होते तेच माझ्या तोंडून निघालं.

"येईल हं. ती येईपर्यंत मी आहे."

तिनं मान हलवली. तिला पटलं. मग ती खिडकीकडे थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली, कोणी नवीन मुलगी आली की झाडतात तशी. मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. बाक दोघींना पुरेसा आहे. वर शाळेत पहिला तास सुरू झाला होता, आणि आम्ही दोघी आपापल्या आईची वाट बघत बसलो.